‘दुरुस्ती’ आणि ‘बांधकाम’ : लहान शहरातील घरबांधणीच्या परवानगीचा अर्थविचार

तालुक्याच्या गावी अगर लहान शहरात राहणाऱ्या कुटुंबाने “घराचे काम काढले आहे” असे म्हटले, म्हणजे त्या एका वाक्यात पुष्कळ निरनिराळ्या गोष्टी सामावलेल्या असतात. मागची भिंत कलली आहे ती नीट करावयाची असते. गळके पत्रे काढून त्या जागी स्लॅब टाकावयाचा असतो. पुढची पडवी भिंती घालून खोलीत घ्यावयाची असते. आणि घरात लवकरच लग्नकार्य असेल तर माडीवर एक खोलीही चढवावयाची असते. घरमालकाच्या दृष्टीने हे सारे एकच काम असते व त्याचे नाव ‘दुरुस्ती’ हे होय. परंतु हाच मनुष्य नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात गेला, की त्याच्या या एका कामाचे चार तुकडे होतात. एकास परवानगी लागत नाही, बाकीच्यांस लागते, आणि त्यांतील एखादे कोणत्याही परवानगीने होण्यासारखे नसते. पुष्कळ लोकांना हा अनुभव काम अर्धे झाल्यावर, म्हणजे हाती नोटीस पडल्यावर येतो. तोवर पैसा खर्ची पडलेला असतो आणि जुने घर तर मोडलेले असते.

या अडचणीचे खापर सामान्यतः कार्यालयीन दिरंगाईवर फोडले जाते. दिरंगाई असतेच, तथापि अडचणीचे एक मूळ भाषेत आहे. नागरिक आणि कायदा एकच शब्द उच्चारतात, पण त्यांच्या अर्थांची व्याप्ती निराळी असते. महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या क्षेत्रात घरगुती बांधकामाला लागू असलेल्या नियमांचा या दृष्टीने परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नियमांचा आधार

लहान शहर म्हणजे येथे नगरपरिषद अथवा नगरपंचायत असलेले शहर समजावयाचे आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यानुसार एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजारांहून अधिक व एक लाखापर्यंतची ‘ब’ वर्गात आणि त्याहून लहान ती ‘क’ वर्गात मोडते. अशा शहरांतील बांधकामावर दोन कायद्यांची सत्ता चालते. एक वर सांगितलेला १९६५ चा आणि दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा. पैकी परवानगीच्या प्रश्नाचे अधिष्ठान मुख्यतः दुसऱ्या कायद्यात आहे.

पूर्वी निरनिराळ्या शहरांना निरनिराळ्या बांधकाम नियमावल्या लागू असत. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली आणि बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेले प्रदेश, लोणावळा इत्यादी अपवाद वगळता राज्यभर ती लागू केली. यामुळे एका शहरातील अनुभव दुसऱ्या शहरात उपयोगी पडू लागला, हा तिचा मोठा लाभ होय.

२. ‘विकास’ या शब्दाचा अर्थविस्तार

१९६६ च्या अधिनियमात परवानगी ‘बांधकामा’साठी मागितलेली नाही, ती ‘विकासा’साठी मागितली आहे. बोलभाषेत विकास म्हणजे भरभराट, सुधारणा. एखाद्याने स्वतःच्या न्हाणीघराची भिंत पाडली तर त्याने विकास केला असे कोणी म्हणणार नाही. कायद्याच्या व्याख्येत मात्र जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेले कोणतेही बांधकाम अथवा अभियांत्रिकी काम, इमारतीत किंवा जमिनीत केलेला कोणताही महत्त्वाचा बदल, त्यांच्या वापरातील असा बदल, अस्तित्वातील इमारत पाडणे, आणि जमिनीची विभागणी हे सर्व ‘विकास’ या संज्ञेखाली येते. अर्थविस्ताराचे याहून ठळक उदाहरण क्वचित सापडेल.

या व्याख्येतून दोन गोष्टी निष्पन्न होतात आणि दोन्ही घरमालकांच्या सहसा ध्यानात येत नाहीत. पहिली ही की, पाडणे हेही परवानगीच्या कक्षेत येते. दुसरी ही की, एक वीटही न हलविता परवानगीची गरज उत्पन्न होऊ शकते. ओसरीवरच्या खोलीत किराणा दुकान थाटले, तर भिंती तशाच राहतात. बदलतो तो वापर. राहत्या घराशी आनुषंगिक असा जागेचा उपयोग कायद्याने मोकळा ठेवला आहे, परंतु निवासाचे व्यापारात रूपांतर हा उपयोग आनुषंगिक ठरत नाही.

३. ‘दुरुस्ती’ या शब्दाचा अर्थसंकोच

‘विकास’ या शब्दाची व्याप्ती कायद्याने वाढविली, त्याचप्रमाणे ‘दुरुस्ती’ची त्याने आवळली. अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये परवानगीपासून सूट देणारा परंतुक आहे. इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार यांची जी कामे केवळ आतील भागापुरती असतात अथवा जी इमारतीच्या बाह्य स्वरूपात महत्त्वाचा बदल घडवीत नाहीत, त्यांस परवानगीची जरुरी नाही. वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूला ही सूट लागू नाही.

२०२० च्या नियमावलीत अशा कामांची यादी अधिक तपशीलाने दिलेली आहे. रंगसफेदी, गिलावा व त्याची डागडुजी, फरशी बसविणे, कौले पुन्हा शाकारणे, छताच्या काँक्रीटची दुरुस्ती, पडलेल्या विटा, दगड, खांब व तुळया बदलणे, घरात हलक्या सामानाचे आडोसे उभारणे, खिडक्यांना संरक्षक जाळ्या बसविणे, बागबगीचा करणे आणि गच्चीपासून १.८ मीटरपर्यंत उंचीच्या आधारावर सौरपट्ट बसविणे ही कामे तीत येतात. मात्र इमारतीच्या स्थैर्याला किंवा अग्निसुरक्षेला बाध येता कामा नये ही अट या सर्वांना आहे.

ही यादी वाचताना एक सूत्र हाती लागते. जे होते तेच, होते तेथेच, होते तेवढेच पुन्हा नीट करणे म्हणजे दुरुस्ती. क्षेत्रफळ वाढले, उंची वाढली, आधार देणारा सांगाडा बदलला, किंवा मोकळी जागा झाकली गेली, की ते काम दुरुस्तीच्या कक्षेबाहेर गेले. प्रारंभी घेतलेल्या उदाहरणाला हे सूत्र लावून पाहता येईल. कललेल्या भिंतीचा पडलेला भाग त्याच जागी रचणे ही दुरुस्ती होय. पत्र्यांच्या जागी स्लॅब टाकणे ही दुरुस्ती नव्हे. कारण स्लॅबचा भार पत्र्याच्या कित्येक पट असतो व तो जुन्या मातीच्या भिंती पेलतील की नाही हा जीविताचा प्रश्न असतो. माडीवरील खोली ही उघडच वाढ होय. पडवी मात्र सर्वांत कठीण. ती पुढील सोडावयाच्या जागेत येत असेल, तर तिच्या भिंतींना परवानगी मागूनही मिळणार नाही.

याहून गंभीर प्रकार गावठाणातील जुन्या घरांच्या बाबतीत घडतो. घर एकदम न पाडता एकेक भिंत उतरवावयाची व नवी उभारावयाची, म्हणजे ‘दुरुस्ती’च चालली आहे असे म्हणता येते, अशी पुष्कळांची समजूत असते. भिंती क्रमाक्रमाने बदलल्या तरी अखेर उभे राहते ते नवे घर, आणि त्याला कायदा पुनर्बांधणी समजतो. पुनर्बांधणीला आजचे नियम लागू होतात. आजोबांनी घर बांधले तेव्हा बोळ जेवढा रुंद होता तेवढाच तो विकास योजनेत राहिलेला असेल असे नाही. रस्त्याची नियोजित रेषा घराच्या ओसरीतून जात असेल, तर नव्या घराला ती ओसरी सोडून मागे सरकावे लागते. दुरुस्ती आणि पुनर्बांधणी या दोन शब्दांमधील अंतर येथे हातभर जमिनीच्या रूपाने मोजले जाते. म्हणून जुने घर उतरविण्यापूर्वी नगरपरिषदेकडून विकास योजनेचा उतारा व रस्त्याची रेषा पाहून घेणे अगत्याचे आहे.

४. अर्ज आणि नकाशा

परवानगीच्या अर्जासोबत मालकीचा पुरावा, म्हणजे सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, तसेच मोजणी नकाशा, जागेचा व इमारतीचा आराखडा आणि अर्हताप्राप्त तांत्रिक व्यक्तीचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे लागतात. घरपट्टीची पावती पुष्कळदा मालकीचा अथवा कायदेशीरपणाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. ती केवळ कर भरल्याचा पुरावा आहे. कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. अंगणातील झाड आड येत असल्यास त्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण नागरी क्षेत्रातील झाडांची तोड १९७५ च्या स्वतंत्र अधिनियमाखाली येते.

नकाशालाही स्वतःची भाषा आहे. प्रस्तावित काम तांबड्या रंगाने भरलेले आणि पाडावयाचे काम पिवळ्या तिरप्या रेघांनी दाखवावयाचे असते. सांडपाण्याची व्यवस्था तांबड्या तुटक रेषेने येते. जुन्या घरात वाढ करणाऱ्याने नकाशावर सही करण्यापूर्वी पिवळ्या रेघा कोठवर गेल्या आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ज्या भिंतीवर पिवळी रेघ नाही ती भिंत पाडली, तर मंजूर नकाशाशी विसंगत काम झाले असा अर्थ होतो.

५. दोन फसवे शब्द

नकाशाच्या कोष्टकात दोन संज्ञा सतत येतात. त्यांतील पहिली ‘सामासिक अंतर’. व्याकरणाच्या अभ्यासकाला समास म्हटले की द्वंद्व-तत्पुरुष आठवतात; येथे मात्र वहीच्या पानाचा समास अभिप्रेत आहे. पानाच्या कडेला कोरी जागा सोडावी त्याप्रमाणे भूखंडाच्या कडेने पुढे, मागे व बाजूंना मोकळी जागा सोडावयाची असते. हवा, उजेड आणि आगीच्या प्रसंगी मदतीला वाट मिळावी हा तिचा हेतू. रस्त्याची रुंदी, भूखंडाचे आकारमान आणि दाट वस्तीचा भाग आहे की विरळ, यांवरून ती ठरते. गावठाणात भिंतीला भिंत लावून असलेल्या घरांना बाजूच्या अंतराची तीच अट घातली, तर घरच उरणार नाही. म्हणून दाट वस्तीसाठी नियम निराळे आहेत.

दुसरी संज्ञा ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ ही अधिक फसवी आहे. सदनिकेच्या खरेदीविक्रीत ‘चटईक्षेत्र’ म्हणजे बाहेरच्या भिंती वगळून आत वापरता येणारी जागा. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमातील व्याख्याही याच धर्तीची आहे. ‘चटईक्षेत्र निर्देशांका’त मात्र चटईचा तसा संबंध उरलेला नाही. तेथे भूखंडाच्या क्षेत्राशी सर्व मजल्यांच्या बांधीव क्षेत्राचे प्रमाण सांगितलेले असते आणि त्या बांधीव क्षेत्रात भिंतींची जाडीही मोजली जाते. समजा, भूखंड १५० चौरस मीटरांचा आहे व निर्देशांक १.१ आहे, तर सर्व मजले मिळून १६५ चौरस मीटर बांधता येते. तळमजला ९० चौरस मीटर झाला, तर माडीसाठी ७५ उरतात. खोल्यांच्या आतून फीत लावून मोजणाऱ्याचा हिशेब येथे हमखास चुकतो. २०२० च्या नियमावलीने मजल्याच्या बाह्य परिघरेषेच्या आतील क्षेत्र मोजण्याची पद्धत आणली असून त्यात सज्जाही धरला जातो. सज्जा हिशेबाबाहेर असतो ही जुन्या नियमांच्या काळातील समजूत आता सोडून द्यावयास हवी.

६. ‘परवानगी लागत नाही’ या वाक्याचा अर्थ

नव्या नियमावलीची सर्वाधिक चर्चा झाली ती लहान भूखंडांसाठी दिलेल्या सवलतीमुळे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याने आराखडा व कागदपत्रे सादर करून शुल्क भरले, म्हणजे त्याची पावती हीच परवानगी समजली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांना दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. तेव्हा पहिली मर्यादा दीड गुंठ्याहून किंचित कमी आणि दुसरी सुमारे तीन गुंठ्यांची येते. लहान शहरांतील सामान्य घरांचा फार मोठा भाग या दोहोंत बसतो.

लोकांच्या तोंडी या तरतुदीचे रूप “दीड गुंठ्याला परवानगी लागत नाही” असे झाले आहे. नियमाचे म्हणणे तसे नाही. परवानगी लागतेच, ती पावतीच्या रूपाने मिळते एवढेच. सामासिक अंतरे, निर्देशांक, रस्त्याची रेषा हे सर्व नियम कायम राहतात. फरक असा की, पूर्वी चूक कार्यालयात नकाशा तपासताना उघडकीस येण्याचा संभव असे. आता तिचा भार मालकावर व नकाशावर सही करणाऱ्या तांत्रिक व्यक्तीवर आहे. सवलतीबरोबर जबाबदारीही हस्तांतरित झाली आहे.

शिवाय भूखंड स्वतः कायदेशीररीत्या पाडलेला असला पाहिजे. शेतजमिनीचे एकेक गुंठ्याचे तुकडे पाडून झालेल्या वसाहतींसाठी २००१ चा गुंठेवारी अधिनियम आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. अशा जागेवर आधी गुंठेवारीचे नियमितीकरण, मग बांधकाम, असा क्रम ठेवावा लागतो.

७. मुदती

अर्ज पोहोचल्यापासून, अथवा विचारलेल्या माहितीस उत्तर दिल्यापासून, साठ दिवसांत नियोजन प्राधिकरणाने निर्णय कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. ही मानीव परवानगी होय. परंतु ती नियमांशी सुसंगत असलेल्या प्रस्तावालाच मिळते. नियमबाह्य काम साठ दिवसांच्या मौनाने शुद्ध होत नाही. मौन म्हणजे संमती ही म्हण येथे निम्मीच खरी आहे.

मिळालेली परवानगी एक वर्ष टिकते. अर्ज केल्यास ती वर्षावर्षाने वाढविता येते. मात्र ही वाढीव मुदत तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. मुदतीत काम जोत्यापर्यंत आले नाही, तर नव्याने परवानगी घ्यावी लागते. पैशाच्या सोयीप्रमाणे टप्प्याटप्प्याने घर बांधणाऱ्या कुटुंबांना ही तरतूद माहीत असणे फार आवश्यक आहे.

८. जोते ते भोगवटा

परवानगी हा एक कागद आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुतः ती एक साखळी आहे. प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची पडताळणी, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र असे तिचे दुवे आहेत. जोत्याच्या पातळीवर थांबण्यामागे व्यावहारिक शहाणपण आहे. घराची कड कोठे येणार हे जोत्याने ठरते. तेथे झालेली चूक थोड्या खर्चात सुधारते, स्लॅब पडल्यावर ती सुधारण्यासाठी घर फोडावे लागते.

अखेरचा दुवा सर्वांत दुर्लक्षित असतो आणि याही दुर्लक्षाला शब्दाची साथ आहे. ग्रामीण परंपरेतून आलेल्या माणसाला ‘भोगवटा’ हा शब्द सातबाऱ्यामुळे परिचित असतो. तेथे भोगवटादार म्हणजे जमीन धारण करणारा. भोगवटादार वर्ग १ किंवा वर्ग २ अशी त्याच्या नावापुढे नोंद असते. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून नाव असताना नगरपरिषदेकडून पुन्हा भोगवटा कशाला घ्यावयाचा, असा प्रश्न त्याला पडतो. एका शब्दाचे हे दोन पारिभाषिक अर्थ आहेत. महसुली भोगवटा जमिनीवरचा हक्क सांगतो; नगररचनेतील भोगवटा प्रमाणपत्र सांगते की इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली असून राहण्यास योग्य आहे. पहिल्याने दुसऱ्याची गरज भागत नाही.

वास्तुशांत झाली, कुटुंब राहावयास गेले, वीज-पाणी आले, म्हणजे काम संपले असे वाटते. प्रमाणपत्राची आठवण पुढे कर्ज काढताना, घर विकताना किंवा वाटणी करताना होते. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निर्णयात अनधिकृत बांधकामासंबंधी जे निर्देश दिले, त्यांत वीज, पाणी इत्यादींच्या जोडण्या व बँकांची कर्जे ही पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्यावीत असेही म्हटले आहे. खर्च झाला आहे, काळ लोटला आहे, किंवा अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केले, या कारणांनी अनधिकृत काम अधिकृत होत नाही, हे त्या निर्णयाचे सार आहे.

९. चूक झाल्यास

परवानगीवाचून केलेल्या कामाला कायद्यात शिक्षा आहे, आणि ते काढून टाकण्याची नोटीस देण्याचा अधिकार प्राधिकरणास आहे. काही चुका तडजोड शुल्क भरून नियमित होऊ शकतात. २०१७ मध्ये अधिनियमात घातलेल्या कलम ५२अ ने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी तशी वाट ठेवली होती. पण अशी वाट पुन्हा निघेल या भरवशावर भिंत उभारणे शहाणपणाचे नव्हे.

दुसऱ्या बाजूने नागरिकालाही संरक्षण आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, बांधकाम पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणे, म्हणणे ऐकून घेणे व कारणांसह आदेश काढणे बंधनकारक ठरविले. रस्ता, नदीपात्र यांसारख्या सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली आहेत. म्हणून नोटीस आली असता ती न घेता परत पाठविणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. नोटिशीला मुदतीत दिलेले लेखी उत्तर हेच घरमालकाचे पहिले साधन आहे.

१०. उपसंहार

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय निर्माण झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द मिळाले, हे कार्य लहान नव्हे. परंतु प्रतिशब्द देणे आणि अर्थ पोहोचविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ‘विकास’, ‘चटईक्षेत्र’, ‘भोगवटा’ हे शब्द दुर्बोध नाहीत. ते परिचित आहेत, आणि परिचित असल्यामुळेच चकवितात. दुर्बोध शब्दाचा अर्थ मनुष्य विचारतो. ओळखीच्या शब्दाचा अर्थ तो गृहीत धरतो.

यावर उपाय कठीण नाही. नगरपरिषदेच्या कार्यालयात दर्शनी भागी, कलमांच्या क्रमांकांऐवजी कामांच्या घरगुती नावांनी एक फलक लावता येईल: कौले फिरवणे, पत्रे काढून स्लॅब टाकणे, पडवी कोंडणे, माडी चढवणे, ओसरीचे दुकान करणे, आणि प्रत्येकापुढे काय लागते ते साध्या वाक्यात. तोपर्यंत घरमालकाने कुदळ मारण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. क्षेत्र वाढते काय? सांगाडा बदलतो काय? मोकळी जागा झाकली जाते काय? वापर बदलतो काय? चारांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर त्या कामाला घरात दुरुस्ती म्हणत असले तरी नगरपरिषदेच्या दप्तरात त्याचे नाव निराळे आहे, असे समजून चालावे.